हॉलंडची बाग, तालुका नरखेड

१

वेदिका ढोके शाळेतून साडेदहालाच परत आली, तेव्हा इंदूबाई अंगणात उन्हाला पाठ देऊन वाटाणे सोलत बसल्या होत्या. पोरगी जिन्याकडे गेली नाही. नळाशी गेली, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा धुवायला लागली तेव्हा बाईंनी ओळखलं की हे धुणं नाही, रडणं आहे.

इंदूबाई गजभिये शहात्तर वर्षांच्या. त्यातली एकतीस वर्षं नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेलेली. त्या काळी तिथे खिडकीशी बसणारी त्या एकट्याच बाई, आणि हमालांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना 'इंदूबाई' असंच म्हणत. ते नाव तसंच राहिलं. निवृत्तीनंतर वरची खोली त्या बाहेरगावच्या एका मुलीला राहायला देत. यंदाची मुलगी नरखेड तालुक्यातली, अकरावीची, संत्रावाल्या रुपराव ढोक्यांची नात.

बाईंनी तिला जवळ बसवलं आणि सोलायला चार शेंगा हातात दिल्या. रिकाम्या हातांनी माणूस नीट बोलत नाही, हा त्यांचा जुना अनुभव.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांना आपल्या घरात, गोठ्यात, माळ्यावर लपवून वाचवणारी जी साधी माणसं होती, त्यांच्यावर विद्यार्थ्यांची एक स्पर्धा निघाली होती. एक निबंध आणि दहा मिनिटांची चित्रफीत. जुलैत जाहीर झाली, आज ३१ जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता मुदत संपणार. एका शाळेची एकच प्रवेशिका. वेदिकाने लिहायचं आणि तिच्या वर्गातल्या उमरेडच्या संघपाल रामटेकेने फोनवर चित्रण करायचं, अशी जोडी जमली होती. त्यांची 'फळीखालची मुलगी' शाळेने निवडली होती.

हे इंदूबाईंना ठाऊक होतं. निबंधाचे तीन खर्डे त्यांनीच ऐकले होते. हॉलंडमधला एक बागवान आणि त्याची बायको नऊ वर्षांच्या ज्यू मुलीला फळांच्या कोठारात जमिनीच्या फळ्यांखाली दोन हिवाळे लपवतात. कोणीतरी पोलिसांना निनावी चिठ्ठी पाठवतं. शिपाई येतात, तेव्हा बागवानीण त्या फळ्यांवर सफरचंदांची रास ओतून मोकळी झालेली असते. शिपाई सफरचंदं खातात आणि निघून जातात.

आज सकाळी शाळेतही तशीच एक चिठ्ठी आली होती. पाकिटात पत्र आणि सोबत पेन ड्राइव्ह. पत्रात लिहिलं होतं की ही चित्रफीत मूळ दुसऱ्याची, वेदिकाने चोरून आपलं नाव लावलं. पुरावा म्हणून जुनी चित्रफीत जोडली होती.

"मॅडम म्हणाल्या, चार वाजेपर्यंत खुलासा नाही झाला तर तुझं नाव काढून दुसरी आलेली हिमानीची फिल्म पाठवीन," वेदिका म्हणाली. "साऱ्या वर्गात बोंब झाली, आजी. चोर म्हणून राहिले मले."

"अन् ती जुनी फिल्म तू पाहिली?"

"नाई दाखवली. गोपनीय हाय म्हणे."

"पत्राखाली नाव कोणाचं?"

"नावच नाई."

इंदूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. चाळीसेक वर्षांपूर्वी पार्सल ऑफिसात असाच एक बिननावाचा अर्ज त्यांच्याविरुद्ध गेला होता. आरोप खोटा निघाला, पण निघेपर्यंत त्यांची बढती दोन वर्षं अडकली, आणि लिहिणारा कोण ते कधीच कळलं नाही. रोज त्याच माणसासोबत डबा खाल्ला असेल, हा विचार त्यांच्या मनात अजूनही आंघोळ करताना मध्येच येई.

त्यांनी वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि चप्पल शोधली.

२

मुख्याध्यापिका कामिनी मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेला माणूस नियम फार मोठ्याने वाचून दाखवतो. घरमालकिणीला यात बोलण्याचा अधिकार काय, असं त्यांनी आधी विचारून पाहिलं. इंदूबाई म्हणाल्या की पोरीचे आईबाप नव्वद किलोमीटरवर आहेत आणि प्रवेशाच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून सही माझी आहे. मग खुर्ची मिळाली.

पत्र संगणकावर टाइप केलेलं होतं. शुद्ध, नेटकं. 'मी या शाळेचा माजी विद्यार्थी. मे २०२४ मध्ये उन्हाळ्याच्या सुटीत नरखेड तालुक्यातील ढोके यांच्या बागेत मी हौसेने ही चित्रफीत तयार केली होती. ती मी कु. वेदिका हिला विश्वासाने पाहावयास दिली…' आणि शेवटी तेच, की गुणवंतांवर अन्याय होऊ नये. त्याची एक प्रत स्पर्धेच्या कार्यालयालाही गेली होती. कार्यालयाने सकाळीच फोन करून शाळेलाच निवाडा करायला सांगितलं होतं.

मॅडमनी दार लावून ती जुनी चित्रफीत लावली. काळी-पांढरी, जुन्या काळासारखी. वेदिकाचीही तशीच होती, कारण रंग काढून टाकले की संत्रं हुबेहूब सफरचंदासारखं दिसतं, ही तिचीच युक्ती. चेहरा दोन्हींत एकही नव्हता. नरखेडचे चेहरे हॉलंडचे कसे वाटणार, म्हणून मुलांनी फक्त हात, पाय, पाठी दाखवल्या होत्या. जुनीतही तेच हात, तेच पाय. नुसते प्रसंग पुढेमागे, आणि तुकडे जरा ओबडधोबड.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "बाग तीच, माणसं तीच. आता कोण खरं समजायचं? आजोबांना विचारलं तर ते नातीचीच बाजू घेणार."

इंदूबाईंनी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या वेळी त्या खुर्ची ओढून अगदी पडद्याला नाक लावून बसल्या. फांद्या फळांनी वाकल्या होत्या, इतक्या की खाली बांबूचे टेकू दिले होते. एका ठिकाणी मुलीचे अनवाणी पाय झाडांच्या ओळीतून धावत जात होते आणि मातीवरून एक काळी रेघ सरळ गेलेली होती.

"पत्रात महिना कोणता म्हणालात?"

"मे."

इंदूबाई मागे टेकल्या. एकतीस वर्षं संत्र्याच्या पेट्या त्यांच्या खिडकीवरून गेल्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराचा माल यायचा, तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. मग होळीच्या आगेमागे मृग बहाराचा. आणि मे महिन्यात? मे महिन्यात पार्सल ऑफिसात लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रंका असत. संत्र्याची एक पेटी नसे. ते वास नसलेले दिवस त्यांना आवडत नसत.

"मॅडम, मे महिन्यात आपल्याकडच्या झाडावर अशी पोसलेली संत्री नसतात. आंबियाची असली तर बोराएवढी, हिरवी. मृग घेणारा तर तेव्हा झाडांना पाणीच देत नाही, ताणावर सोडतो. टेकू लागतील इतकी फळं मे महिन्यात कुठून आणली त्याने?"

कामिनी मॅडम म्हणाल्या की त्या रायपूरच्या, संत्र्यातलं त्यांना सोलून खाण्यापुरतं कळतं. एखाद्या बागेला अवेळी फळं येतही असतील. कार्यालयाला काय लिहायचं, की आमच्या विद्यार्थिनीच्या घरमालकीणबाई असं म्हणतात?

"बरोबर आहे तुमचं," इंदूबाई उठत म्हणाल्या. "माझं म्हणणं सोडा. ती काळी रेघ कसली आहे ते तेवढं मला शोधू द्या."

घड्याळात साडेबारा झाले होते.

३

बर्डीच्या बाजारात प्रेमानंदचं दुकान होतं. एरवी लग्नांच्या फिती जोडणारा तिशीतला पोरगा. काटोलचा, बाप तिथल्या संत्र्याच्या मंडीत हमाल. मुलांची चित्रफीतही त्यानेच जोडून दिली होती; फुकट काम करायला लावलं म्हणून तो दिवाळीपासून कुरकुरत होता आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचीच चित्रफीत दाखवत होता.

इंदूबाईंनी मॅडमच्या परवानगीने त्या प्रसंगाचा फोटो वेदिकाच्या फोनवर घेतला होता. प्रेमानंदने तो पाहिला आणि हसायला लागला.

"हे कुठं भेटलं तुम्हाले? अहो आजी, ही ठिबकची नळी हाय. म्याच काढायला लावला होता हा तुकडा. म्हटलं, बाबू, हॉलंडात त्रेचाळीस साली ठिबक सिंचन होतं काय गा?"

वेदिका फोटोकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ते पाय तिच्या धाकट्या बहिणीचे होते. दिवाळीच्या सुटीतला हा तुकडा होता, आणि त्यांच्या पक्क्या चित्रफितीत तो नव्हता.

"म्हणजे टाकून दिलेला माल," इंदूबाई म्हणाल्या. "टाकलेला माल कोणाकोणाकडे होता?"

प्रेमानंदने बोटं मोजली. संघपालच्या फोनमध्ये, कारण चित्रण त्याचं. या दुकानातल्या संगणकावर. आणि शाळेतल्या संगणकावर एक प्रत, कारण धर्मेंद्र सरांनी सांगितलं होतं की सगळं जपून ठेवायला शाळेत द्या. धर्मेंद्र सर इतिहास शिकवत आणि शाळेच्या सगळ्या स्पर्धांचं तेच बघत.

मग इंदूबाईंनी वेदिकाला आजोबांना फोन लावायला सांगितला आणि आवाज मोठा करायला लावला. रुपराव बागेत होते, मागे पंपाचा आवाज येत होता. ठिबक कधी बसवलं, एवढंच बाईंनी विचारलं.

"यंदाच. पोळा झाला, त्याच्या मागच्या हप्त्यात," रुपराव म्हणाले. "सरकारी योजनेतलं हाय, फोटो काढून नेले त्याहिनं, तारीख टाकून. काहून? बिघडलं काय वं बाई काही?"

"नाही, रुपरावजी. फार चांगलं झालं."

पोळा म्हणजे ऑगस्ट २०२५. त्याआधी त्या बागेत नळीच नव्हती. मग मे २०२४ च्या चित्रफितीत ती आली कशी? योजनेच्या कागदावर तारखेसकट फोटो होते. रुपरावांच्या शेजारच्या पोराने पंधरा मिनिटांत ते पाठवले, वेदिकाने मॅडमना पुढे पाठवले आणि फोन केला. तिचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "पत्र खोटं, हे मान्य. पण मग हे तुमच्यातल्याच कोणीतरी केलं. टाकलेले तुकडे संघपालच्या फोनमध्ये होते ना? कोणाचं नाव आधी यायचं यावरून तुम्ही दोघं वर्गात भांडलात, हे मला आज तीन जणांनी सांगितलं. जोडीतल्याच एकाने असा उद्योग केला असेल, तर प्रवेशिका मी पाठवू शकत नाही."

वेदिकाने फोन खाली ठेवला.

४

संघपाल शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर एकटाच बसला होता. सकाळपासून त्याला कोणी डबा खायला बोलावलं नव्हतं. इंदूबाई त्याच्या शेजारी बसल्या, गुडघे दुखतात म्हणून अर्धा भार त्याच्याच खांद्यावर टाकून. वेदिका दोन पायऱ्या खाली उभी राहिली आणि त्याच्याकडे बघेना.

भांडण झालं होतं, तो म्हणाला. नाव आधी कोणाचं यावरूनच झालं होतं. वेदिका म्हणे की गोष्ट माझी, तो म्हणे की माझ्या फोनशिवाय तुझी गोष्ट वहीतच राहिली असती. तीन दिवस बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी वर्णानुक्रमे लावायचं ठरलं आणि तो हरला.

"मग राग गेला तुझा?"

"नाई गेला," संघपाल म्हणाला. "पण आजी, त्या नळीत पाय अडकून मी तोंडावर पडलो होतो. फोन वाचवायले हात वर धरला अन् हनुवटी फोडून घेतली. हे बघा." हनुवटीवर बारीक व्रण होता. "तो तुकडा मी कशाले घालीन कोणत्याच फिल्ममध्ये? त्याचं तोंड पाहायची इच्छा नाई मले."

वेदिकाला न राहवून हसू आलं. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की तू पडला तेव्हा आजोबा आधी नळी फुटली काय ते पाहायला धावले होते. संघपाल म्हणाला की हो, ते त्याने लक्षात ठेवलं आहे.

इंदूबाईंनी त्याच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

हिमानी वाचनालयात सापडली. तिची चित्रफीत दुसरी आली होती, आणि वेदिका बाद झाली की तिचा नंबर लागणार होता. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी तिलाच धरलं होतं. तीही चिडलेली होती, आणि इंदूबाईंना पाहून तिने पुस्तक मिटायचीही तसदी घेतली नाही.

"मीच केलंय असं वाटत असेल ना तुम्हाला?"

"बागेत कधी गेलीस?"

"कुठल्या?"

"संत्र्याच्या."

"संत्री आमच्याकडे फ्रीजमध्ये येतात," हिमानी म्हणाली. मग जराशी वरमली. वेदिकाची पक्की चित्रफीत तिने सभागृहात सगळ्यांसोबत एकदाच पाहिली होती. टाकलेले तुकडे असतात हेच तिला माहीत नव्हतं. संगणक कक्षाची किल्ली विद्यार्थ्यांना मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर आपण हरलो याचं तिला बरंच वाटलं होतं. निबंधातलं एक वाक्य तिचं नव्हतं. सगळं सरांनी लिहून दिलं, तिने पाठ केलं. परीक्षकांनी काही विचारलं असतं तर तिची फजिती झाली असती.

"सरांना वाईट वाटलं असेल तू हरल्याचं," इंदूबाई सहज म्हणाल्या.

हिमानीने आता पुस्तक मिटलं. "मी हरल्याचं नाही वाटलं. वेदिकाच्या फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून त्या बर्डीवाल्या प्रेमानंदचं नाव होतं, ते वाचून सर पांढरे पडले होते."

बाहेर तीनची घंटा झाली.

५

धर्मेंद्र सर संगणक कक्षात होते. पन्नाशीचे, नीट भांग पाडलेले, खिशाला दोन पेनं. बावीस वर्षं याच शाळेत. दरवर्षी मुलांना घेऊन स्पर्धांना जात, आणि दरवर्षी दुसऱ्या कोणत्यातरी शाळेच्या सरांचा सत्कार बघून परत येत. घर महाल भागात, मूळचे नागपूर शहराचेच. हे सगळं इंदूबाईंना त्यांनीच सांगितलं, कारण बाईंनी आधी चहाची चौकशी केली आणि मग कुटुंबाची. कामिनी मॅडमही बाईंच्या विनंतीवरून मागे येऊन बसल्या होत्या. दोन्ही मुलं दारात उभी होती.

बाई म्हणाल्या की त्यांना संगणकातलं काही कळत नाही, सरांनी जरा मदत करावी. आणि फोनवरचा तो फोटो पुढे धरला.

"सर, ही काळी रेघ कसली असेल हो?"

सरांनी चष्मा वर केला. "बैलाचा कासरा असेल, पडलेला. जुना काळ वाटतो त्याने. म्हणून तर…"

ते थांबले.

"म्हणून तर काय, सर?"

इंदूबाई उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पार्सलची पावती वाचून दाखवावी तसं एकेक सांगत गेल्या.

"ज्याने ही जुनी फिल्म बनवली, त्याच्याकडे मुलांनी टाकलेले तुकडे होते. ते तीनच ठिकाणी होते. प्रेमानंद काटोलचा आहे. त्याने स्वतः हा तुकडा काढायला लावला, तो परत घालणार नाही. संघपालला ती नळी काय आहे ते हनुवटीपासून माहीत आहे. राहिला शाळेचा संगणक, आणि या कक्षाची किल्ली तुमच्याकडे. ज्याला ठिबकची नळी कासऱ्यासारखी दिसते, त्यालाच हा तुकडा जुन्या काळाचा वाटणार.

"पण मला तुमच्याबद्दल आधी शंका आली ती महिन्यावरून. स्पर्धा जुलैत निघाली, म्हणून तारीख त्याआधीची हवी, हे कोणालाही सुचेल. पण मेच का? होळीचा मार्च लिहिला असता तर झाडावर मृगाची फळं असतात, मी फसले असते. शेतकऱ्याने लिहिलं असतं तर मार्च लिहिला असता. मे कोण लिहितो? ज्याचं सगळं वर्ष शाळेच्या वेळापत्रकाने चालतं तो. मुलं गावाला कधी जातात, तर उन्हाळ्याच्या सुटीत. तुम्हाला महिना निवडावाही लागला नसेल, सर. तो आपोआप हाताखाली आला असेल. पडद्यावर सगळं काळं-पांढरं होतं, त्यात तुम्हाला ती सफरचंदंच दिसली. संत्र्यांना सुटी नसते, हे लक्षात आलं नाही."

कामिनी मॅडमनी हाक मारली, "सर?" फक्त एवढंच.

धर्मेंद्र सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. मग बोलले. ही स्पर्धा मुळात त्यांनीच शाळेत आणली होती. ज्या लोकांनी जीव धोक्यात घालून दुसऱ्यांना लपवलं, त्यांच्याबद्दल ते बावीस वर्षं वर्गात सांगत आले होते. वेदिकाने ती गोष्ट पहिल्यांदा त्यांच्याच तासाला ऐकली. आणि फॉर्मवर नाव आलं लग्नाच्या फिती जोडणाऱ्याचं.

"सर, तुम्हीच म्हणाले होते," वेदिका दारातून म्हणाली. "मी विचारलं होतं, तुमचं नाव टाकू काय. तुम्ही म्हणाले, आधी काय दिवे लावता ते पाहू."

सरांना ते आठवलं असावं. त्यांनी मान खाली घातली. "फक्त तुमची प्रवेशिका मागे राहावी, एवढंच मनात होतं. तुला कोणी चोर म्हणेल, इतकं मी पुढचं पाहिलं नाही."

इंदूबाईंना त्या क्षणी त्या माणसाचा राग येत होता आणि कीवही येत होती. दोन्ही त्यांना नको होतं. चाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचा माणूस त्यांना कधी असा समोर बसलेला मिळाला नव्हता. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद सरांपुढे सरकवला आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"काय झालं ते लिहा," त्या म्हणाल्या. "स्पर्धेच्या कार्यालयाला. या वेळी खाली सही करा."

सरांनी लिहायला घेतलं. अक्षर सुरेख होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

चार सत्तावन्नला प्रवेशिका गेली. मध्ये एकदा शाळेचं इंटरनेट बसलं, तेव्हा कामिनी मॅडमनी स्वतःचा फोन दिला आणि सगळेजण त्या फोनवरचा आकडा वर चढताना बघत उभे राहिले, हिमानीसकट. ती केव्हा आत आली ते कोणालाच कळलं नाही. शंभराला आकडा टेकला तेव्हा सर्वांत आधी टाळी तिने वाजवली.

सोमवारी प्रार्थनेनंतर मॅडमनी माइक हातात घेतला. सगळ्या शाळेसमोर सांगितलं की वेदिका ढोकेवरचा आरोप खोटा होता, आणि तो तपासण्याआधी तिला जे ऐकून घ्यावं लागलं त्याबद्दल शाळा तिची माफी मागते. शनिवारी ज्यांनी तिला चोर म्हटलं होतं ती पोरं बुटांकडे बघत होती. मग अकरावीची एक ओळ टाळ्या वाजवायला लागली, मग दहावीची, आणि शिपाई आत जायला सांगेपर्यंत ते थांबलं नाही. वेदिका इंदूबाईंना हे सांगताना तीनदा अडखळली.

स्पर्धांचं काम आणि किल्ल्या सरांकडून गेल्या. इतिहास तेच शिकवत राहिले. पहिले काही दिवस ते फळ्याकडे तोंड करूनच बोलत.

मार्चच्या मध्यावर मध्य भारताचा निकाल लागला. समारंभ नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात होता. चार राज्यांतल्या एकशे चाळीस शाळा होत्या. रुपराव पहिल्या एसटीने येऊन सकाळी आठपासूनच दारात उभे होते, धुवट सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. प्रेमानंदने शेरवानी घातली होती. लग्नाचा हंगाम आहे, दुसरं काही धुतलेलं नव्हतं, म्हणाला. इंदूबाईंनी संघपालच्या आईवडिलांसाठी आपल्या शेजारी जागा धरून ठेवली होती.

पहिल्या तीन चित्रफिती पडद्यावर दाखवल्या. 'फळीखालची मुलगी' शेवटी आली. त्या अनवाणी पायांवर फळ्या बसल्या आणि वरून फळांची रास धडधडत कोसळली, तेव्हा सभागृहात कोणी खोकलंही नाही. इंदूबाईंनी ती चित्रफीत सात वेळा पाहिली होती, तरी त्यांनी पदर तोंडाशी धरला. कसं कोण जाणे, रास ओतणाऱ्या त्या दोन हातांत त्यांना त्यांची आई दिसत होती.

दिवे लागले. मुख्य परीक्षक दिल्लीच्या एक वयस्क बाई होत्या. हिंदीत म्हणाल्या की युद्धकाळाच्या इतक्या चित्रफिती आल्या, त्यांत रणगाडे होते, बंदुका होत्या, आणि इथे फक्त हात होते. लपवणारे हात. मग हसून त्यांनी विचारलं की ही बाग हॉलंडच्या कोणत्या भागातली, तिकडे कोणी ओळखीचं होतं का?

माइक संघपालच्या हातात होता. "मॅडम, तालुका नरखेड," तो म्हणाला.

सभागृह हसत सुटलं. काही जण उभे राहून मागे बघायला लागले, हा तालुका कुठे बसलाय ते पाहायला.

पहिलं पारितोषिक. सूत्रसंचालकाने कागद जवळ धरला आणि दोन नावांतलं पहिलं नाव स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. "कुमारी वेदिका ढोके."

वेदिका अजून खुर्चीतून उठतही नव्हती, तोवर मागच्या रांगेतून रुपराव ताडकन उभे राहिले. टोपी हातात घेतली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हाय. आमचीच हाय."